डोळ्यात तेल

ढेबऱ्याच्या डोळ्यात पाणी नाही, असं आम्ही दवाखान्यातून येऊन सांगितलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ते मला पहिल्यापासून माहीत आहे. मी जिन्यात पाय घसरून पडले होते, तर हा माझ्या अंगावरून उडी मारून कचऱ्याची पिशवी हुंगायला गेला."

ढेबऱ्या म्हणजे आमचा कुत्रा. चेपलेलं नाक, बाहेर आलेले डोळे आणि त्याहून बाहेर आलेलं पोट. मी लग्न होऊन या घरात आले त्याच्या आधीपासून तो इथे आहे. त्यामुळे मानाने तो मला थोरल्या दिरासारखा, आणि वागतोही तसाच. बोलत काही नाही, पण पानं घेतली की समोर येऊन बसतो.

मध्यंतरी तो मला डोळा मारायला लागला. आधी उजवा, मग डावा. मी हसले. मग सकाळी त्याच्या पापण्या चिकटलेल्या दिसायला लागल्या. कोपऱ्यात पिवळी चिकट तार, पुसली की थोड्या वेळाने पुन्हा. बाहुलीवरची चकाकी गेली, काचेवर कुणी श्वास सोडून ठेवावा तशी. मी हसायची थांबले. घरात रांगणारं मूल असलं की बाईचं बघणंच बदलतं. मला सोफ्याखालचं बटण दिसतं, गादीच्या शिवणीतली टाचणी दिसते, दुसऱ्या खोलीतली शांतता दिसते. आणि ठकी, म्हणजे माझी मुलगी, दिवसाचा निम्मा वेळ ढेबऱ्याच्या मानेत तोंड खुपसून असते. त्याच्या डोळ्यातलं तिच्या डोळ्यात गेलं तर, हा विचार एकदा डोक्यात शिरल्यावर मी कुणालाच चैन पडू दिलं नाही.

नवरा कामासाठी परगावी, सुट्टीलाच येणारा. म्हणून दवाखान्यात मी, ठकी, ढेबऱ्या आणि सासरे असे गेलो. सासऱ्यांना मी बाबा म्हणते. ते आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासायचे. लेखकाला काय म्हणायचंय याच्याशी त्यांना देणंघेणं नसे, तो काय म्हणालाय तेवढं ते बघत. एका कवीने 'माझं काळीज फुटलं' असं लिहिलं, तर यांनी समासात 'केव्हा?' असं विचारलं होतं. निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. मी एकदा ठकीला न्हाऊ घालताना टॉवेल आणायला पळाले आणि म्हटलं, बाबा, दोन मिनिटं धरा हिला. टॉवेल सापडेना. दोन मिनिटं झाल्यावर ते साबणाने माखलेली ठकी घेऊन मला घरभर शोधत आले.

डॉक्टरीणबाई याच्या बरोबर उलट. त्यांच्या बोलण्यात सरळ वाक्य औषधालासुद्धा सापडत नाही. आम्ही आत गेलो तेव्हा त्या मदतनिसाला सांगत होत्या की त्या मांजरवाल्या काकांनी माझ्या नाकी नऊ आणले. बाबांनी त्यांच्या नाकाकडे बघितल्याचं मी बघितलं. तेव्हाच मला काहीतरी कळायला हवं होतं.

त्यांनी ढेबऱ्याच्या खालच्या पापणीत कागदाची एक बारीक पट्टी अडकवली. तिच्यावर मोजपट्टीसारख्या रेघा. निरोगी डोळा असेल तर मिनिटभरात पाणी चढत चढत पट्टी अर्ध्यावर भिजते म्हणे. ढेबऱ्याची पट्टी तिकिटासारखी कोरडी निघाली. त्यांनी समजावून सांगितलं: शरीराचे स्वतःचेच शिपाई चुकून डोळ्यातल्या पाण्याच्या ग्रंथीवर तुटून पडतात, ग्रंथी सुकते, आणि पाण्याऐवजी ही चिकट घाण येते. कोरड्या डोळ्याला जखम व्हायला वेळ लागत नाही. आणखी थोडे दिवस असंच राहिलं तर बुबुळावर काळपट पडदा चढेल आणि मग दृष्टी जाईल. एक औषध आहे, तेलातलं, ते त्या शिपायांना गप्प बसवतं. पण गुण यायला काही आठवडे जातात, आणि एकही वेळ चुकवायची नाही.

"आणि नाहीच गुण आला तर?" मी विचारलं. हा प्रश्न मी सगळीकडे विचारते.

नाहीच आला तर शस्त्रक्रिया. गालातली लाळेची नळी सोडवून कातडीखालून वर डोळ्यात नेऊन सोडायची. लाळेवर डोळा ओला राहतो.

"म्हणजे तोंडाला पाणी सुटलं की ते डोळ्यातून येणार," बाबा म्हणाले.

"अगदी बरोबर," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तेवढं एक वाक्य दोघांनाही सारखंच कळलं.

मला पुढचं दृश्य दिसायला लागलं. आम्ही जेवतोय आणि समोर ढेबऱ्या घळाघळा रडतोय. ठकी शिकणार की जेवण ही दुःखाची गोष्ट आहे. त्यातून भूल देणं आलं. चेपलेल्या नाकाच्या कुत्र्याला, आणि तेही या वयात, भूल देणं किती जोखमीचं, हे मी आदल्या दिवशीच वाचून ठेवलं होतं. तेवढ्यात कोपऱ्यातल्या पिंजऱ्यातून मांजर फिस्कारलं, ठकीने भोकाड पसरलं आणि पाठोपाठ लंगोटही भरला. घरात एकीच्या डोळ्यांचं पाणी खळत नाही आणि दुसऱ्याच्या डोळ्यात थेंब नाही, असं मनाशी म्हणत मी तिला घेऊन बाहेरच्या बाकावर गेले.

म्हणजे शेवटच्या सूचना बाबांनी एकट्याने ऐकल्या.

बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात दोन बाटल्या होत्या. एकीत साधे अश्रूंसारखे थेंब, डोळा ओला ठेवायला, दिवसातून कितीही वेळा. ते तू घाल, म्हणाले. दुसरीत तेल, सकाळ-संध्याकाळ, दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब. ते हाताला लागू द्यायचं नाही, लहान मूल अंगावर पीत असेल तर त्या बाईने हात न लावलेलाच बरा. "तेलाचं मी बघतो," ते म्हणाले. "मला त्यांनी स्पष्ट सांगितलंय काय करायचं ते."

मला फार बरं वाटलं. घरातलं एक काम असं होतं की ज्याच्यावर मला पहारा ठेवायचा नव्हता.

रोज सकाळ-संध्याकाळ बाबा रबरी हातमोजे चढवायचे, ढेबऱ्याला घेऊन गॅलरीत जायचे आणि ठकी येऊ नये म्हणून दार लावून घ्यायचे. दाराला धुरकट काच. तिच्यातून मला स्टुलावर बसलेले बाबा दिसायचे आणि समोर ढेबऱ्याचा गोळा. दोन डोकी एकमेकांजवळ. मग बराच वेळ काहीच हालचाल नाही. बाहेर यायचे तेव्हा बाबांचे डोळे लालसर, पाणावलेले, चालणं अंदाजाने. एकदा त्यांनी खुंटीवरच्या रेनकोटला "बसा" म्हटलं.

सासूबाईंनी दोन-तीन दिवस हे बघितलं आणि मला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं, "हे रडतात का गं?"

मी म्हटलं, मलाही तसंच वाटतंय. कुत्र्यावर जीव आहे त्यांचा.

"माझं पित्ताशय काढलं तेव्हा हा माणूस दवाखान्याच्या पत्रकातल्या चुका काढत बसला होता," सासूबाई म्हणाल्या. पण त्याच संध्याकाळी त्यांनी बाबांना मागितल्याशिवाय दुसरा कप चहा दिला. त्यांच्या संसारात हे पूर्वी झालं नव्हतं. मग तो रोजचा झाला. सोबत बिस्किटंही आली. नवऱ्याला मी फोनवर सांगितलं तर तो हळवा झाला आणि त्याने बाबांना फोन द्यायला सांगितला. बाबा, मनात काही आहे का, असं त्याने विचारलं असावं, कारण बाबा म्हणाले, "मनात काही नाही. जे आहे ते डोळ्यात आहे."

ढेबऱ्याचे डोळे मात्र सुधारेनात. मी माझे थेंब घालायचे, कोमट पाण्यात कापूस बुडवून पापण्या पुसायचे. तेवढ्यापुरतं बरं, मग पुन्हा तीच तार. तेलाची बाटली नेमाने खाली चालली होती, म्हणजे औषध जात होतं. उजव्या बुबुळाच्या कडेला मला तपकिरी सावली दिसायला लागली. मी खिडकीशी नेऊन बघितलं, दिव्याखाली बघितलं, ठकीच्या डोळ्यांशी ताडून बघितलं. सावली होती. ढेबऱ्या दाराच्या चौकटीला एकदा धडकला आणि जणू चौकटच मध्ये आली असं तोंड करून पुढे गेला. मी शस्त्रक्रियेचं वाचायला लागले.

ठरलेल्या दिवशी आम्ही सगळे पुन्हा दवाखान्यात गेलो. सासूबाईसुद्धा आल्या. लाळेचं काय ते मला स्वतःला ऐकायचंय, म्हणाल्या. पट्टी लावली, काढली. टोकाशी जेमतेम ओल. डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"तेल घालताय ना रोज?"

"एकही वेळ चुकलेली नाही," बाबा म्हणाले.

"दोन्ही डोळ्यांत?"

"दोन्ही."

"जळजळ होते का?"

"सुरुवातीला झाली. आता सवय झाली."

"मग डोळे चोळायचा का?"

"कोण?"

"हा."

"याचा काय संबंध?" बाबांनी विचारलं.

ठकीनेही तोंडातून बोट काढलं. डॉक्टरीणबाईंनी एकेक शब्द सुटा करून विचारलं, की तेल तुम्ही नेमकं कुणाच्या डोळ्यात घालता.

"माझ्या," बाबा म्हणाले. "तुम्हीच सांगितलंत. मला शब्दन् शब्द आठवतो. 'आजोबा, आता तुम्ही डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवा.' कर्ता तुम्ही. घालून आणि ठेवा, दोन्हींचा कर्ता एकच असतो. याच्या डोळ्यात घालायचं असतं तर 'याच्या' असा शब्द लागला असता. बाटलीवरही दोन्ही डोळ्यांत एवढंच आहे. कुणाच्या, ते नाही. मी पदरचं काही घालत नाही."

"आणि हातमोजे?" मी विचारलं.

"हाताला लागू द्यायचं नव्हतं. डोळ्याबद्दल काही म्हणाल्या नव्हत्या."

डॉक्टरीणबाई मागे सरकत कुत्र्यांच्या वजनकाट्यावर बसल्या. काट्याने त्यांचं वजन दाखवलं. कुणी बघितलं नाही, म्हणजे सगळ्यांनी बघितलं. पण मला आठवतंय ते सासूबाईंचं तोंड. त्या बाबांकडे वळून हळू आवाजात म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही रडत नव्हता."

"नाही. लक्ष ठेवत होतो."

"मग माझे ते सगळे चहा?"

कर्ता कोण ते बाबांना ठरवता येईना.

यानंतर डॉक्टरीणबाईंनी ढेबऱ्याच्या डोळ्यात हिरवा रंग सोडून, दिवा लावून बघितलं. जखम अजून नव्हती. सावली होती, पण कडेलाच. आणखी एकदा प्रयत्न करता येईल, त्या म्हणाल्या, पण एकदाच. पुढच्या खेपेला पट्टी भिजली नाही तर सरळ शस्त्रक्रिया, नाहीतर डोळे गेले असं समजा. मग त्यांनी बाबांना नवी बाटली दिली आणि वाक्प्रचारांपासून चार हात लांब राहत म्हणाल्या, "आजोबा. ही बाटली. हा कुत्रा. याचा डोळा." प्रत्येक नामावर बोट ठेवलं. बाबांना डोळ्यांच्या माणसांच्या डॉक्टरकडे जाऊन या असंही सांगितलं. बाबांनी तिथल्या तिथे 'माणसांच्या डोळ्यांच्या' अशी दुरुस्ती केली, पण आवाजात जोर नव्हता.

परतताना ढेबऱ्या त्यांच्या मांडीवर होता. ते खिडकीबाहेर बघत होते. "छापून गेल्यावर चूक सापडली तर शुद्धिपत्र काढता येतं," ते म्हणाले. "याचं काय काढायचं?" सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर एक चापट मारली. ती रागाची होती की दुसरी कसली, ते मला कळलं नाही, आणि त्यांनाही कळलं असेल असं वाटत नाही.

आता बाबा तेल घालायला घाबरायला लागले. ते बाटली लांबूनच धरायचे आणि थेंब ढेबऱ्याच्या नाकावर पडायचा. शेवटी मी म्हटलं, मी करते. दोन-दोन हातमोजे एकावर एक चढवले, ठकीला सासूबाईंकडे दिलं. ढेबऱ्याने माझ्या हातात ती बाटली बघितली मात्र, डोळे असे घट्ट मिटले की चेहऱ्यावर डोळे होते याचा पुरावा उरला नाही. मी पापणी उघडायला गेले, तो पलंगाखाली. माझे साधे थेंब तो मुकाट्याने घालून घ्यायचा, तेलाची बाटली मात्र त्याला पटेना. खाऊ दाखवला, खाऊ खाल्ला आणि पुन्हा पलंगाखाली. चादरीत गुंडाळला तर चादर घेऊन पलंगाखाली. सकाळ गेली. मला रडू आलं, आणि आपल्याला ते किती सहज येतं याचाही राग आला.

संध्याकाळी बाबा गॅलरीत स्टुलावर बसले होते. डोळ्यांचे डॉक्टर त्यांना खूप हसले होते आणि मग गंभीर होऊन म्हणाले होते की डोळे तुमचेही कोरडेच आहेत, आणि त्यांनीही त्यांना साधे, अश्रूंसारखे थेंब दिले होते. ते घालायला बाबांनी मान मागे टाकली, हनुवटी वर केली, खालची पापणी बोटाने ओढली. पलंगाखालून ढेबऱ्या बाहेर आला. त्यांच्या समोर, रोजच्या जागी बसला. आणि त्याने मान मागे टाकली.

इतके दिवस धुरकट काचेमागे रोज दोनदा त्याने हेच बघितलं होतं. त्याच्या लेखी हे काम असंच असतं: आधी मोठ्यांनी मान वर करायची.

"बाबा, हलू नका," मी म्हटलं. हे त्यांना सांगायला सोपं वाक्य होतं. ते पुतळ्यासारखे राहिले, डोळ्यातून थेंब गालावर ओघळला तरी. मी वाकले आणि ढेबऱ्याच्या उजव्या डोळ्यात एक, डाव्या डोळ्यात एक, असे दोन थेंब सोडले. त्याने डोळे मिचकावले, जीभ बाहेर काढून नाक चाटलं आणि पुन्हा बाबांकडे बघितलं, आता पुढे काय अशा नजरेने.

"आता लक्ष ठेवायचं," बाबा त्याला म्हणाले.

मग तोच नेम पडला. बाबांना कधी उशीर झाला तर ढेबऱ्या स्टुलापाशी जाऊन रिकाम्या जागेकडे तोंड करून बसायचा. त्यांना सर्दी झाली आणि ते झोपून राहिले, तेव्हा मी ढेबऱ्याला उचलून त्यांच्या उशाशी नेलं आणि त्यांना म्हटलं, फक्त मान वर करा. सासूबाई दारातून म्हणाल्या, "आजारी माणसालाही सुटका नाही," आणि दोन कप चहा घेऊन आल्या. दुसरा कप माझ्यासाठी आहे असं त्यांनी सांगितलं, पण ठेवला बाबांपाशी. दोन्ही बाटल्या मी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवल्या, तेलाच्या बाटलीला लाल दोरा बांधला, आणि तरी दर वेळी तिच्यावरचं नाव मोठ्याने वाचायचे. बाबांनी त्या नावातला एक ऱ्हस्व उकार दीर्घ हवा असं सांगितलं.

तार हळूहळू कमी झाली. एका सकाळी मी कापूस घेऊन बसले तर पुसायला काही नव्हतं. मी विश्वास ठेवला नाही. विश्वास मी पट्टीवर ठेवणार होते.

शेवटच्या तपासणीला आम्ही टेबलाभोवती असे उभे होतो की जणू आत कुणाचं बाळंतपण चाललंय. पट्टी ढेबऱ्याच्या पापणीतून लटकत होती. पाणी पहिल्या रेघेवर आलं, मग दुसऱ्या, मग थांबलं. बाबांनी नकळत हनुवटी वर केली. ढेबऱ्यानेही केली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कुणीही हलू नका. पाणी पुन्हा चढायला लागलं आणि चढत चढत जिथे जायला हवं होतं त्या रेघेच्या जरा पुढेच गेलं.

डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडात धरली. त्यांच्या ओठावर काहीतरी वाक्प्रचार आलेला मला स्पष्ट दिसला. तो त्यांनी गिळला. "डोळा ओला आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही. शस्त्रक्रिया नको."

मी विचारलं, मग तेल बंद करायचं का. त्या म्हणाल्या की बंद केलं की पुन्हा सुकेल, सगळे हीच चूक करतात, बरं वाटलं की थांबतात. "हे जन्मभर घालायचं," असं म्हणून त्या थबकल्या आणि त्यांनी बाबांकडे बघितलं.

बाबांनी चष्मा काढून पुसला. "कुणाच्या जन्मभर?" त्यांनी विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी ढेबऱ्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. "याच्या."

या जातीची कुत्री साधारण किती जगतात ते बाबांनी विचारलं, उत्तर ऐकलं, मनातल्या मनात काहीतरी वजा केलं. मग मान हलवली. "जमेल बहुतेक," ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "तरी तू एकदा हात बसवून घे."

त्या संध्याकाळी त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि स्वतः कठड्याला टेकून उभे राहिले. तेलाची बाटली हातमोजे घालून त्यांनी धरली होती, आणि माझ्या हातात साध्या थेंबांची होती. ढेबऱ्याने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. मान अजून, मान, बाबा म्हणत होते. मी मान मागे टाकली. आकाश पांढरं होतं. थेंब डोळ्यात पडला, गार, आणि सगळं पुसट झालं.

"केली त्याने वर," बाबा म्हणाले. "तशीच थांब. घालतो." या वेळी थेंब नाकावर पडला नसावा, कारण पाठोपाठ ते म्हणाले, "पडला. बरोबर पडला."

डोळे पुसून मी खाली बघितलं. ढेबऱ्या हनुवटी वर करून बसला होता. त्याच्या शेजारी, उघड्या राहिलेल्या दारातून रांगत आलेली ठकी, तीही मान मागे टाकून, तोंडाचा मोठा आ करून बसली होती.

मी हातमोजे चढवले, बाबांच्या हातातून तेलाची बाटली घेतली, झाकण घट्ट फिरवलं, आणि ती हात पोचेल तेवढ्या वरच्या फळीवर ठेवली. मग स्टूल ओढून, तिच्याही वरच्या.